जखम भरली, मग वण का उरला?



आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. डाव्या हाताची बाही वर सरकवा आणि दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याच्या जरासं खाली, नीट बघा. एक छोटासा, गोलसर डाग दिसतो का? तुमच्यापैकी बहुतेकांना दिसेल. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तुम्हाला बीसीजीची लस टोचली होती, तिची ती खूण. आता आजीचा किंवा आजोबांचा दंड बघा (आधी विचारून, बरं का!). तिथं त्याहून मोठा, चुरगळल्यासारखा वण असण्याची शक्यता आहे. तो देवीच्या लशीचा. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग साऱ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, लस टोचणंही थांबलं. पण आजीच्या दंडावरचा वण मात्र अजून तिथंच आहे!

आहे की नाही नवल? आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. मग वण का झडून जात नाही?

हा प्रश्न मला पडायला कारण झालं एक पत्र. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या काठी मौदा हे तालुक्याचं गाव लागतं. सगळा भाग धानाचा. तिथून आठवीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय :

"काका, दिवाळीनंतर आमच्या बांधीत धान कापणी चालू होती. मीपण इळा घेऊन गेले. आईसारखं भरभर कापायला गेले आणि इळा घसरून माझ्या डाव्या हातावर बसला. मनगटाच्या वर, अडीच इंच. खूप रक्त आलं. आजीने पटकन हळद भरून फडकं बांधलं. बाबांनी गाडीवर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हळद धुऊन काढली, सहा टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हळद भरली म्हणून रागावले. आजी म्हणते, 'काही होत नाही वं, आम्ही जनमभर हळदच लावली.' दोघांत खरं कोणाचं? आणि दुसरं म्हणजे, आता सहा महिने झाले तरी तिथं जाड, लालसर काळी रेघ आहे. खाजते पण. मुली सारख्या विचारतात म्हणून मी उन्हाळ्यातही लांब बाहीचाच ड्रेस घालते. गॅदरिंगच्या नाचातून नाव काढून घेतलं. क्रीम लावून वण जाईल का? खरं सांगा."

'खरं सांगा' या दोन शब्दांखाली तिनं दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा खरं तेच सांगायला हवं. पण त्यासाठी आधी त्या दिवशी तिच्या हातात काय काय घडलं ते बघू या.

बांध फुटला!

धानाच्या बांधीत पाणी भरलेलं असतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री बांध फुटतो आणि पाणी धो धो वाहू लागतं. तेव्हा शेतकरी काय करतो? हाताला लागेल ते, ढेकळं, तणस, पोती, सगळं त्या खिंडारात टाकतो. दिसायला ते ओबडधोबड असतं, पण त्या घटकेला पाणी थांबवणं महत्त्वाचं.

शरीरही हेच करतं. विळा लागताच कापलेल्या रक्तवाहिन्या स्वतःला आवळून घेतात. रक्तात प्लेटलेट्स नावाचे अगदी बारीक कण फिरत असतात. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे साखरेच्या बारीक दाण्याएवढ्या जागेत, ते दीड ते चार लाख असतात! एरवी ते गुपचूप वाहत राहतात. पण रक्तवाहिनी फाटली, की ते तिथं चिकटतात, फुगतात आणि एकमेकांना बिलगून बूच बनवतात. मग रक्तातच विरघळलेल्या एका प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात. कोळ्याच्या जाळ्यासारखं हे जाळं त्या बुचाला बांधून टाकतं आणि त्यात लाल पेशीही अडकतात. हीच रक्ताची गुठळी. ती वरून सुकली की खपली!

साध्या जखमेत एवढं सारं काही मिनिटांत उरकतं. म्हणून तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून 'थांबलं का?' असं बघायचं नाही. उचललंत की जाळं पुन्हा फाटलं.

सफाईवाले आले

आता दुसरं काम. विळ्याबरोबर आत माती गेली, जंतू गेले. प्लेटलेट्सनी सोडलेली रसायनं म्हणजे जणू बोंबच. ती 'ऐकून' पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून वाट काढत जखमेत शिरतात. पहिल्या काही तासांत येतात न्यूट्रोफिल. त्या जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या पेशी आणि जंतूच. दोन-तीन दिवसांनी येतात महाभक्षक पेशी. नावाप्रमाणे त्या मोठ्या खादाड. मेलेल्या पेशी, कचरा, उरलेले जंतू, सगळं त्या फस्त करतात. शिवाय त्या मुकादमही आहेत. 'सफाई झाली, आता बांधकामवाल्यांना बोलवा,' असा निरोप त्याच धाडतात.

या दिवसांत जखमेभोवती लाली येते, सूज येते, ऊन लागतं आणि ठणकतं. आपल्याला वाटतं, जखम बिघडली. पण थोडी सूज आणि लाली ही सफाई चालू असल्याची खूण असते. मात्र लाली दिवसेंदिवस पसरत गेली, पू वाढला, ताप आला तर समजायचं की जंतू भारी पडताहेत. मग डॉक्टरांकडे धावायलाच हवं.

टोपली आणि पेंढी

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खरी डागडुजी सुरू होते. जखमेच्या कडांच्या वरच्या थरातल्या पेशी खपलीखालून सरपटत निघतात. एका काठाकडून एक रांग, दुसऱ्या काठाकडून दुसरी. मध्ये दोघींची गाठ पडली, एकमेकींना टेकल्या, की सरपटणं थांबतं. वरचं झाकण तयार! म्हणून साधं खरचटलं तर वण राहत नाही. कारण तेव्हा फक्त वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा निघालेली असते आणि ती जशीच्या तशी पुन्हा बनवता येते.

पण विळा खोल गेला होता. बाह्यत्वचेच्या खाली असते अंतस्त्वचा. तिची ताकद असते कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत. आपल्या शरीरात सगळ्यांत जास्त असलेलं प्रथिन तेच. धडधाकट कातडीत हे धागे बुरुडाच्या टोपलीसारखे विणलेले असतात, काही आडवे, काही उभे, काही तिरके. म्हणून कातडी कुठूनही ओढा, ताणते आणि सोडली की जागेवर येते.

जखमेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि नवं कोलॅजन ओतू लागतात. नव्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्याही उगवतात. खपली निघाल्यावर खाली दिसणारं लालभडक, दाणेदार मांस ते हेच. काही फायब्रोब्लास्ट तर दोर ओढावा तशा जखमेच्या कडा आत ओढतात. पण टोपली विणायला वेळ लागतो आणि खिंडार तर ताबडतोब बुजवायचं असतं! म्हणून नवे धागे सगळे जवळपास एकाच दिशेने, शेजारी शेजारी रचले जातात. मौद्याच्या मैत्रिणीला हे लगेच कळेल. टोपलीऐवजी शरीराने बांधली धानाची पेंढी!

हीच ती वणाची गोम. वण म्हणजे मळलेली किंवा मेलेली कातडी नव्हे. त्यातला मालमसाला तोच, फक्त विणकाम वेगळं. त्यातून खोल जखमेत घर्मग्रंथी आणि केसांची मुळंही गेलेली असतात. ती पुन्हा येत नाहीत. म्हणून वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही आणि ती जागा गुळगुळीत, चकाकती दिसते. आणि वरचा थर महिन्याभरात नवा होत असला, तरी वण असतो खालच्या थरात. तिथं जुनं कोलॅजन जाऊन नवं येतं खरं, पण ते त्याच पेंढीत, त्याच दिशेने बसतं. आजीच्या दंडावरच्या वणाचं कोडं सुटलं ना?

मग मैत्रिणीची रेघ जाड आणि खाजरी का? त्याचं कारण, काम अजून संपलेलं नाही! कातडी बंद झाल्यावरही आतलं काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. घाईघाईत टाकलेलं कच्चं कोलॅजन काढून पक्कं बसवलं जातं, जादा रक्तवाहिन्या मोडल्या जातात. त्या मोडल्या की लाली ओसरते, वण चपटा आणि फिकट होत जातो. तुमच्या वयात तर शरीर मोठ्या जोमात असतं, म्हणून कोलॅजनही जरा जास्तच ओतलं जातं आणि वण निवायला मोठ्या माणसांपेक्षा वेळ लागतो.

काही जणांत मात्र हे काम थांबायचा निरोपच पोचत नाही. वण जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो. त्याला केलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर पाळीला गाठ येते ती बहुधा हीच. छाती, खांदे, कानाची पाळी ही त्याची आवडती ठिकाणं. सावळ्या लोकांत आणि काही घराण्यांत तो जास्त आढळतो. तेव्हा वण जखमेच्या बाहेर सरकतोय असं दिसलं तर कातडीच्या डॉक्टरांना लवकर दाखवावं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. टाके काढतात त्या सुमारास, म्हणजे आठवड्याभरानंतर, जखमेची ताकद मूळ कातडीच्या शंभरात जेमतेम तीन ते पाच भाग असते. तीन आठवड्यांनी साधारण तीस भाग. तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास. आणि पुढे? पुढे तेवढीच! पूर्ण शंभर कधीच होत नाही. म्हणून 'टाके निघाले, आता घागर उचल' असं करायचं नाही.

पन्नास वर्षांनी उघडलेली जखम

वण काही दगडासारखा निर्जीव नसतो, हे एका जुन्या सफरीत फार भयंकर रीतीने दिसलं. १७४० साली इंग्लंडचा जॉर्ज अँसन जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. महिनोन् महिने ताजी फळं नाहीत, भाजी नाही. खलाशांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, माणसं धडाधड मेली. त्यांच्यात एक म्हातारा सैनिक होता. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. त्या जखमा केव्हाच बऱ्या झालेल्या होत्या. पण जहाजावर स्कर्व्ही झाला आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या! सफरीच्या वृत्तांतात हे लिहून ठेवलेलं आहे.

असं का झालं, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. आज आपल्याला कळतं. वणातलं जुनं कोलॅजन झिजत असतं आणि नवं भरलं जात असतं. कोलॅजनचे धागे पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेना, तेव्हा झीज चालू राहिली पण भर बंद पडली. शेवटी सांधा उसवला.

म्हणजे वण सांभाळायला शरीर आयुष्यभर कष्ट घेतं. आणि त्यासाठी लागणारं क जीवनसत्त्व कुठं मिळतं? मौद्याच्या मैत्रिणीला हे सांगायची गरज आहे का? अगं, तू तर नागपुरी संत्र्यांच्या जिल्ह्यात राहतेस! संत्री, आवळा, पेरू, लिंबू, काहीही चालेल. शिवाय कोलॅजन हे प्रथिन असल्यामुळे डाळ, दूध, अंडी, शेंगदाणेही हवेत. जखम झालेल्या माणसाला 'पथ्य' म्हणून नुसती पेज देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

जखम उघडी सुकवावी का?

'पट्टी नको, वारा लागू दे, लवकर सुकेल,' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने याची परीक्षा घेतली. त्याने डुकरांच्या पाठीवर वरवरच्या सारख्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली! कारण सोपं आहे. सरपटणाऱ्या पेशींना ओलावा लागतो. वर कडक खपली झाली तर त्यांना तिच्याखाली खोल जाऊन वाट शोधावी लागते.

आपल्या मुंबईत या गोष्टीचा मोठा सुंदर उपयोग झाला. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करत. भाजल्यावर सगळ्यांत जास्त रडू येतं ते पट्टी बदलताना, कारण कापड जखमेला चिकटतं आणि काढताना नवी कातडीही ओरबाडली जाते. न चिकटणाऱ्या परदेशी पट्ट्या महाग. डॉक्टरांनी युक्ती काढली. उकडलेल्या बटाट्याच्या साली! त्या कापडावर नीट चिकटवून, निर्जंतुक करून त्यांची पट्टी बनवली. साल जखम ओली ठेवते, चिकटत नाही आणि किंमत जवळपास शून्य. १९८० च्या दशकात त्यांनी याचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. (घरी मात्र हा प्रयोग करू नका हं! ती साल रुग्णालयात निर्जंतुक केलेली असते.)

हळदीचा खटला

आता आजी खरी की डॉक्टर? हा वाद एकदा थेट अमेरिकेत गेला होता, ठाऊक आहे?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे नवा शोध लावणाऱ्याला काही वर्षांपुरता मिळणारा हक्क. त्याच्या परवानगीशिवाय त्या शोधाचा धंदा दुसऱ्याला करता येत नाही. आणि हा शोध कोणता? तर हळदीची पूड वापरून जखम बरी करणं! गंमत म्हणजे संशोधक दोघेही मूळ भारतीयच.

तेव्हा दिल्लीतल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावी १९४३ साली जन्मलेले, मुंबईत गरिबीत वाढलेले. बारा वर्षांचे होईपर्यंत पायात चप्पल नव्हती. त्यांनी ठरवलं, हे पेटंट मोडायचंच. पण 'आमची आजी हळद लावते' असं सांगून अमेरिकेच्या पेटंट कचेरीत भागत नाही. छापील पुरावा लागतो. मग शोधाशोध झाली. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ धुंडाळले. एकूण ३२ पुरावे गोळा झाले. काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही त्यांत होता. १९९६ साली अर्ज गेला, ऑगस्ट १९९७ मध्ये कचेरीने भारताची बाजू मान्य केली आणि १९९८ साली पेटंट अखेर रद्द झालं. वर्तमानपत्रांनी याला 'हळदीघाटची लढाई' म्हटलं!

पण थांबा. इथं पुष्कळ जण एक चूक करतात. ते म्हणतात, 'बघा, हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेनेही मानलं.' तसं नाही. कचेरीने हळदीची परीक्षा घेतलीच नव्हती. तिने एवढंच तपासलं की ही कल्पना नवी आहे का. ती नवी नव्हती, म्हणून पेटंट गेलं. हळद खरोखर किती उपयोगी, हा प्रश्न वेगळा. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं नाव कुर्कुमिन. ते सूज कमी करतं आणि काही जंतूंना रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

मग डॉक्टर का रागावले? कारण प्रयोगशाळेतलं शुद्ध द्रव्य वेगळं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद वेगळी. ती उघड्यावर वाळते, दळते, पोत्यात भरते. तिच्यात धूळ, माती, जंतू असू शकतात. कधी भेसळीचा रंगही. खोल जखमेत भरलेली पूड म्हणजे आतल्या सफाईवाल्यांपुढे टाकलेला आणखी ढीगभर कचरा. शिवाय जखम किती खोल आहे, शीर किंवा स्नायूचा दोर तुटला आहे का, हे पिवळ्या चिखलातून दिसत नाही.

आणि सगळ्यांत मोठं भय धनुर्वाताचं. त्याचे जंतू मातीत आणि शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकून राहतात. लोक गंजाला घाबरतात, पण खरा गुन्हेगार गंज नव्हे, ती माती. हे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात. खोल, बंद, मातकट जखम म्हणजे त्यांना हवं तसं घर! त्यांच्या विषाने जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं वाकतं आणि जीवही जातो. शेणखत घातलेल्या बांधीत विळा लागला, तर लस हाच भरवशाचा उपाय. सरकारी लसीकरणात लहानपणच्या डोसांनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षीही ही लस असते. तुमची राहिली नाही ना? आजच घरी विचारा.

तेव्हा निकाल असा. दुधातली हळद आजीच्या हातची, जखम मात्र डॉक्टरांच्या हातची. कुणी हरलं नाही. आणि त्या दिवशी आजीने फडकं घट्ट बांधलं, त्यामुळे रक्त थांबायला मदतच झाली. हे तिला जरूर सांग, रुसवा जाईल.

लागलं तर काय कराल?

१) स्वच्छ वाहत्या पाण्याने जखम भरपूर धुवा. माती निघून जाऊ द्या.

२) स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा. हात किंवा पाय उंच ठेवा. रक्त उसळत असेल तर धूत बसू नका, आधी दाबा आणि दवाखाना गाठा.

३) हळद, चुना, तंबाखू, राख, कॉफी, माती, शेण, टूथपेस्ट, यांतलं काहीही नको.

४) जखम खोल असेल, कडा उघड्या पडल्या असतील, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, रक्त थांबत नसेल तर दवाखाना.

५) कुत्रा, मांजर, माकड चावलं तर साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. छोटा ओरखडा असला तरी! रेबीजची लस घ्यायची असते.

६) भाजलं तर त्या भागावर वीस मिनिटं नळाचं साधं गार पाणी सोडा. बर्फ नको.

७) खपली उचकटू नका. मोह होतो, मला माहीत आहे. पण खाली पेशींची रांग सरपटत असते, तिच्यावरचं छप्पर ओढू नका.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे

मौद्याच्या मैत्रिणी, वण जाईल का? पूर्ण जाणार नाही. कुठलंही क्रीम पेंढीची पुन्हा टोपली करू शकत नाही. जाहिरातीत कुणी तसं म्हटलं तर पैसे घालवू नकोस. आईच्या पोटात सहाव्या महिन्यापूर्वी बाळाच्या कातडीला इजा झाली तर ती वण न राहता भरते. आफ्रिकेतल्या एका काटेरी उंदराची कातडी केसांसकट पुन्हा उगवते, असं २०१२ साली शास्त्रज्ञांना आढळलं. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एका औषधाने साध्या उंदरांच्या जखमाही वण न राहता भरवून दाखवल्या. माणसांसाठी मात्र असं औषध अजून हाती आलेलं नाही. कदाचित तुमच्यापैकीच कुणी ते शोधून काढेल.

पण तुझ्या हातावरची रेघ आज आहे तशी राहणार नाही, हेही तितकंच खरं. सहा महिने म्हणजे अर्धंच काम झालंय. ती चपटी होईल, लाली जाईल, खाज थांबेल. तू दोन-तीन गोष्टी करू शकतेस. खोबरेल तेलाचं बोट लावून रोज दोन वेळा हलकेच चोळ. उन्हात जाताना मात्र तेवढा भाग झाक, कारण नवा वण उन्हाने जास्त काळा पडतो. जाडी वाढत असेल तर डॉक्टरांना विचार. सिलिकॉनची पट्टी मिळते, तिने फुगीर वण दबायला मदत होते.

म्हणजे लांब बाही उन्हासाठी घाल, मुलींसाठी नको! त्या विचारतात त्या बहुधा कुतूहलाने. एकदा बाही वर करून त्यांना टोपली आणि पेंढीची गोष्ट सांग. पासपोर्टसारख्या कागदांवर 'ओळखीची खूण' लिहावी लागते तेव्हा लोक अंगावर तीळ शोधत बसतात. तुझी खूण तयारच आहे. आणि पुढच्या गॅदरिंगच्या नाचात नाव घाल. कसा झाला ते कळव.

करून बघा

वहीत माणसाच्या शरीराची रेखाकृती काढा. तुमच्या अंगावर जिथं जिथं वण असतील तिथं खूण करा. शेजारी लिहा, केव्हा लागलं, कशाने लागलं, किती दिवसांत भरलं. मग आई, बाबा, आजी, आजोबा यांनाही विचारा. झाडावरून पडलेले बाबा, चुलीचा चटका बसलेली आई, सगळे सापडतील. कोणते वण पांढरे झाले, कोणते फुगीर राहिले, कुठं केस उगवले नाहीत, तेही बघा. सर्वांत जुना वण कोणाचा आणि किती वर्षांचा, ते मला पत्राने कळवा.

तोपर्यंत, विळा, कोयती आणि ब्लेड जपून!

तुमचा,
काका